खेळालायस का बघालायस?

दिवाळीच्या सुट्टीत भाचा विट्याहून चार दिवस आमच्याकडे सांगलीला आला होता. दहावीचं वर्ष असल्यानं घरी गेमला बंदी, मामाकडे मात्र मुभा. आल्या दिवशीच त्यानं हल्लीची एक गाजलेली गेम लावली. आई शेजारी वाती वळत बसली होती. अर्ध्या तासानं तिनं मान वर केली. टीव्हीवर एक दाढीवाला माणूस बर्फातून चालला होता, दाढीच्या केसांत बर्फाचे कण अडकले होते, मागून कुणीतरी त्याच्याशी हलक्या आवाजात बोलत होतं. कंट्रोलर सतरंजीवर पडलेला आणि पोराचे दोन्ही हात भडंगाच्या ताटात.

"आरं, खेळालायस का बघालायस?" आईनं विचारलं.

"आत्ता बघालोय, आज्जी. खेळायचं आलं की कंट्रोलर थरथरतोय. मग उचलायचा."

पोरगं तक्रार करत नव्हतं, त्याच्या लेखी हे असंच असतं. थोड्या वेळानं तो मला म्हणाला, "मामा, आता हा रडणार बघ." हा, म्हणजे तो दाढीवाला. ते वाक्य माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. आमच्या लहानपणी घरात कॅसेटवाला व्हिडिओ गेम होता. कॅसेट चालली नाही की काढून फुंकर मारायची आणि परत बसवायची. 'काँट्रा' खेळताना भडंग सोडाच, कपाळावरचा घाम पुसायलाही सवड नसायची. तीन जीव मिळायचे आणि एक गोळी लागली की एक जीव गेला. पडद्यावरचा माणूस म्हणजे बोटाच्या पेराएवढी, चार रंगांची आकृती. पण ती पडली की आम्ही "मी मेलो" म्हणायचो. "तो मेला" असं आमच्या गल्लीत कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. आज पडद्यावरच्या माणसाच्या पापणीचा केस न् केस मोजता येतो, आणि खेळणारा त्याला 'हा' म्हणतो.

या 'मी'चा 'हा' कसा झाला, ते मला लिहायचं आहे. विश्रामबागेत माझं कॉम्प्युटर विक्री-दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, तिथे रोज कुणी ना कुणी गेमविषयी बोलतंच. स्वतः मी तीस वर्षं खेळतोय आणि अजून सोडलेलं नाही. जुनं ते सोनं असं सांगायला मी बसलेलो नाही. चांगलं चित्र मलाही हवं असतं. पण गेममधलं खरेपण आधी हाताला कळतं आणि मग डोळ्याला, असं माझं ठाम मत आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत गेम बनवणाऱ्या मोठ्या स्टुडिओंनी डोळ्यासाठी जेवढं केलं, त्याच्या पावपट हातासाठी केलं असतं तर माझ्या भाच्याचे हात ताटात गेले नसते.

हाताचं खरेपण म्हणजे काय, ते 'प्रिन्स ऑफ पर्शिया'त बघा. १९८९ सालची ही गेम जॉर्डन मेक्नर नावाच्या तरुणानं जवळपास एकट्यानं केली. त्यासाठी त्यानं आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं व्हिडिओ चित्रण केलं आणि एकेक चौकट गिरवून कॉम्प्युटरवर उतरवली. म्हणजे त्या काळाच्या मानानं ही 'रिॲलिस्टिक' गेमच होती. आमच्या कॉम्प्युटर क्लासच्या काळ्या पडद्याच्या डॉसवर ती चालायची आणि सर चहाला गेले की आम्ही तिच्यावर तुटून पडायचो. तो राजपुत्र पळता पळता एकदम थांबत नसे, पाय घसरत पुढे जाऊन मग थांबे. म्हणून कडा जवळ आला की बटण आधी सोडावं लागे. उडीच्या आधी त्याला धाव लागे, म्हणून अंतर आधी मोजावं लागे. चेहऱ्याच्या जागी जेमतेम चार ठिपके होते, पण त्याचं वजन आमच्या अंगठ्याला कळत होतं. भावाच्या शरीरातलं खरेपण त्यानं चित्रातून खेळणाऱ्याच्या बोटापर्यंत पोहोचवलं होतं.

आता आजच्या गेममधला पिवळा रंग बघा. डोंगरकडा हुबेहूब असतो, दगडावर शेवाळ असतं, ओल असते, उन्हाची तिरीप असते. पण हात कुठे घालायचा हे कळावं म्हणून नेमक्या त्या खाचेवर पिवळा नाहीतर पांढरा रंग फासलेला असतो. शिडीला पिवळा रंग, फोडायच्या पेटीला पिवळा रंग. २०२३ मध्ये 'रेसिडेंट ईव्हिल ४'च्या नव्या आवृत्तीवरून आणि पुढच्याच वर्षी 'फायनल फँटसी ७ रीबर्थ'वरून यावर जगभर वाद झाला. काहींनी स्टुडिओला आळशी म्हटलं. मला तो आळस वाटत नाही, ती अडचण आहे आणि ती त्यांनी स्वतः ओढवून घेतली आहे. 'काँट्रा'त पडद्यावर जे काही दिसे त्याला अर्थ असे: फळी दिसली म्हणजे उभं राहता येतं. आजच्या खोलीत पाचशे वस्तू दिसतात आणि त्यांतल्या चारशे नव्वद निव्वळ देखावा असतात. कपाट उघडत नाही, खुर्ची हलत नाही, खिडकीची काच फुटत नाही. चित्र जितकं भरगच्च तितका खेळणारा आंधळा, म्हणून मग रंग फासून त्याचा हात धरावा लागतो. जे जग खरं दिसतं त्याच्यावर खेळणाऱ्याचा विश्वासच उरत नाही, तो फक्त पिवळा रंग शोधत फिरतो.

याच्या पुढची पायरी म्हणजे पडद्यावर त्रिकोण उमटला की कंट्रोलरवरचं त्रिकोणाचं बटण दाबा, चौकोन उमटला की चौकोनाचं दाबा. इमारत कोसळतेय, पूल तुटतोय, नायक हवेत लोंबकळतोय, आणि आपण काय करतोय? एक बटण दाबतोय. ते चुकलं तर तोच प्रसंग पुन्हा.

'रेड डेड रिडेम्पशन २'बद्दल मात्र मला सावकाश लिहायचं आहे, कारण तिच्यावर माझं प्रेम आहे आणि राग आहे तोही तिच्यावरच. २०१८ ची ही गेम, जुन्या अमेरिकेतल्या घोडेस्वार दरोडेखोरांची. तिच्यात तळावर पहाटे उठून कॉफी पिता येते, घोड्याला खरारा करता येतो, चिखलात पडलं तर कपडे चिखलाचे होतात. कपाटाचा खण उघडायचा तर हात पुढे जातो, खण सरकतो, एकेक डबा उचलला जातो आणि मग खिशात. पुष्कळांना हे रटाळ वाटतं, मला वाटलं नाही. माझे आजोबा गोठ्यात बैलांची वैरण करताना घाई करत नसत, ती संथपणाची लय मला त्या घोड्यापाशी सापडली. एकदा संपूर्ण शनिवार मी एका ओढ्याकाठी मासे धरण्यात घालवला, कथा एक पाऊलही पुढे सरकली नाही आणि तो माझ्या आयुष्यातल्या चांगल्या शनिवारांपैकी एक होता.

पण त्याच गेममध्ये एखादी मोहीम सुरू झाली की सगळं आवळलं जातं. ठरल्या वाटेवरून घोडा जरा बाजूला नेला की मोहीम फसली. शत्रूच्या मागून डोंगरावरून जावं असं डोक्यात आलं, गेलो, की फसली. एवढं मोठं रान समोर मोकळं टाकलं आहे, पण महत्त्वाचं काही घडायची वेळ आली की निर्णय लेखकाचा. मला असं वाटतं की ते रान एका तऱ्हेच्या माणसांनी केलं असावं आणि त्या मोहिमा दुसऱ्या तऱ्हेच्या. एकाला खेळणाऱ्यावर भरवसा आहे, दुसऱ्याला आपला सिनेमा बिघडेल अशी धास्ती आहे. धास्तीवाल्यांची चलती आज जास्त आहे.

सिनेमासारखी गेम म्हणजे वाईटच, असं मात्र नाही. १९९८ च्या 'हाफ-लाइफ'नं अख्खी कथा सांगितली आणि कॅमेरा कधीच खेळणाऱ्याच्या हातातून काढून घेतला नाही. २०२० च्या 'घोस्ट ऑफ त्सुशिमा'त वाट दाखवायला वारा आहे. बोट फिरवलं की वारा सुटतो, गवत एका दिशेला लवतं आणि आपण त्या दिशेला निघतो. पिवळा रंग नको, नकाशावर बाण नको. 'द लास्ट ऑफ अस'मध्ये, २०१३ च्या पहिल्या भागात, उद्ध्वस्त शहरातल्या एका इमारतीवरून जिराफांचा कळप दिसतो. नायकाबरोबर असलेली पोरगी कठड्याला टेकून बघत राहते, आणि आपण बटण दाबून निघत नाही तोवर गेम थांबते. हवं तितका वेळ. मी बराच वेळ उभा होतो. निघायचं बटण दाबताना जिवावर आलं, आणि ते जिवावर येणं माझं होतं, नटाच्या चेहऱ्यावरून उसनं घेतलेलं नव्हतं.

सांगलीत राहून मला या सगळ्याकडे आणखी एका बाजूनं बघावंसं वाटतं. आमच्या गावात १८४३ साली, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. दर ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन येतो, भावे नाट्यमंदिरात समारंभ होतो, भाषणं होतात. पण भाव्यांचं ते नाटक चालायचं कसं, हे त्या भाषणांत क्वचितच येतं. सूत्रधार पदं म्हणायचा, कथा पुढे न्यायचा, कुणाचा प्रवेश कधी ते सांगायचा. पात्रांची भाषणं मात्र लिहिलेली नसत. रावण झालेला माणूस रावणासारखं काय बोलायचं ते आपल्या मगदुराप्रमाणे ऐन वेळी ठरवायचा. पुढे छापील संहितेची नाटकं आली, त्यांना त्या काळी 'बुकिश' नाटकं म्हणत. भाषा घडीव झाली, कथानक बांधीव झालं, मराठी नाटक मोठं झालं हे खरंच. पण नटाच्या तोंडी बोल आधीच ठरले.

गेम म्हणजे मला भाव्यांचा तो पहिला खेळ वाटतो. आपल्याकडे नाटकाच्या प्रयोगाला 'खेळ'च म्हणायचे, हा शब्द उगाच आलेला नाही. गेम बनवणारा सूत्रधार आहे: जग त्याचं, नियम त्याचे, कोण कधी येणार ते त्याच्या हातात. बोलायचं काय, करायचं काय, ते खेळणाऱ्यानं ऐन वेळी ठरवायचं. जगातल्या कुठल्याच माध्यमाला आज ही सोय राहिलेली नाही, एका गेमला आहे. आणि नेमकी तीच सोय मोडून स्टुडिओ सिनेमाच्या पंगतीला बसायला निघालेत. सिनेमासुद्धा सुरुवातीला नाटकाच्या वळचणीला होता. कॅमेरा पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकासारखा एका जागी ठोकलेला आणि समोर नट. कॅमेरा जवळ नेता येतो, चित्रफीत कापून जोडता येते, हे त्याला उमगलं तेव्हा तो आपल्या पायावर उभा राहिला. गेमला आपलं अंग कधीच उमगलेलं आहे. उमगलेलं सोडून दुसऱ्याच्या वळचणीला जाणं मला बघवत नाही.

हे सगळं होण्यामागे पैसा आहे, आणि त्याचे आकडेही बाहेर आले आहेत. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्याच्या कागदपत्रांतून कळलं की 'द लास्ट ऑफ अस'च्या दुसऱ्या भागावर सुमारे २२ कोटी डॉलर खर्च झाले. म्हणजे आपले १,८०० कोटींहून अधिक, आणि तेही एका गेमवर. एवढा पैसा घातल्यावर खेळणारा कुठेही भरकटावा, त्यानं एखादा महागडा प्रसंग न बघताच पुढे जावं, हे कुणाला परवडेल? ज्या दृश्यावर शंभर माणसं वर्षभर राबली, ते दाखवायचंच असतं. म्हणून वाट अरुंद होते. एखादी गेम आपटली की माणसं घरी जातात, २०२३ आणि २०२४ ही दोन वर्षं त्यातच गेली, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. इकडे ठोकळ्यांच्या 'माइनक्राफ्ट'च्या ३० कोटींहून जास्त प्रती खपल्या. २०२४ मध्ये एका माणसानं केलेल्या 'बलाट्रो' या पत्त्यांच्या गेमनं लाखो लोकांना रात्र-रात्र जागं ठेवलं, त्यात मीही होतो.

खर्चाचं दुसरं टोक माझ्या दुकानात येतं. तासगावकडचे एक बागायतदार मुलाला घेऊन आले होते. बेदाण्याचे पैसे नुकतेच हातात पडले होते. मुलाला ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमचं चित्र उमटवणारा कॉम्प्युटरचा भाग, हवं होतं, तीस हजारांच्या आसपासचं. त्याच्याकडे यादी तयार होती, पाणी कसं दिसतं, सावल्या कशा पडतात, सगळं पाठ. वडील मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, ह्याच्याबिगर गेम चालतच न्हाईत का हो?" धंदा म्हणून मी काय सांगायला हवं होतं ते मला ठाऊक आहे. मी त्यांना खुर्ची दिली, चहा सांगितला आणि पोराला दुकानातल्या आठ वर्षं जुन्या मशीनवर 'पेपर्स, प्लीज' लावून दिली. ओबडधोबड चित्रांची, २०१३ ची गेम: आपण सरहद्दीवर पासपोर्ट तपासणारे कारकून. कागद बरोबर असलेल्या नवऱ्याला आत सोडलं, मागोमाग त्याची बायको आली, तिचे कागद अपुरे. शिक्का कोणता मारायचा? पोरगं थांबलं. मागे वळून वडिलांकडे बघितलं. वडीलही पुढे सरकून बघायला लागले होते.

कार्ड त्यांनी पुढच्या आठवड्यात घेतलंच, ते मी मुद्दाम सांगतो, कारण पोराची हौस खोटी नव्हती. पण ज्यांना बेदाण्याचे पैसे मिळत नाहीत त्यांच्या पोरांचं काय? आमच्या वेळी कॉलेजजवळच्या सायबर कॅफेत रडतखडत चालणाऱ्या मशीनवर 'काउंटर-स्ट्राइक' ही गोळीबाराची गेम चालायची. वकिलाचा मुलगा आणि हमालाचा मुलगा शेजारी शेजारी बसून तिच्यातल्या 'डस्ट टू' नावाच्या एकाच मैदानात एकमेकांना हेरायचे. तिथला प्रत्येक दरवाजा, प्रत्येक कोपरा आजही डोळे मिटून सांगेन. आता एकेक गेम शंभर-दीडशे जीबीची असते. ती उतरवायला दोन दिवस, साठवायला वेगळी डिस्क, चालवायला नवं कार्ड. चित्राच्या हौसेची ही किंमत शेवटी खेळणाऱ्याच्या घरातून वसूल होते आणि ज्याला देता येत नाही तो मोबाईलवर दुसऱ्याला खेळताना बघत बसतो. बघणाराच, परत.

माझी बहीण, म्हणजे भाच्याची आई, याच्या उलट बोलते आणि तिचं मला पटतं. ती शाळेत शिक्षिका आहे. दिवसभर साठ पोरांचे निर्णय घेऊन घरी आल्यावर कुणीतरी गोष्ट सांगावी, आपण फक्त चालावं, असं तिला वाटतं. तसं खेळण्यात काहीही कमी नाही. 'द लास्ट ऑफ अस'च्या दुसऱ्या भागात तर दृष्टी, श्रवण किंवा हातांची हालचाल कमी असलेल्यांसाठी साठांहून जास्त सोयी दिल्या होत्या, दिसत नसलेल्या माणसांनी ती गेम पूर्ण केली. मोठा पैसा असा लागला तर मी त्याला सलाम करीन. माझा आक्षेप आहे तो या एकाच जातीच्या गेमला 'मोठी', 'प्रौढ', 'खरी' म्हणण्याला आणि बाकीच्यांना पोरखेळ समजण्याला.

हा समज आपल्याकडे आता शिकवला जातोय, म्हणून हे जाहीरपणे बोललं पाहिजे. महाराष्ट्र सरकारनं २०२५ मध्ये ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग या क्षेत्रांसाठी धोरण मंजूर केलं. चांगलंच झालं, आमच्या जिल्ह्यातल्या पोरांना त्यातून काम मिळेल. पण दुकानात येणाऱ्या, क्लास करणाऱ्या पोरांचं काम मी बघतो. गंजलेला रणगाडा, परदेशी शिपाई, ओल्या रस्त्यावरची स्पोर्ट्स कार. हात तयार आहे, शंका नाही. त्यांना मी विचारतो, या रणगाड्याचं खेळणारा काय करणार? उत्तर येत नाही, कारण तो प्रश्न अभ्यासक्रमातच नाही. परदेशी स्टुडिओंना झाडं, बंदुका, इमारती बनवून देणारे कारागीर आपण तयार करतोय. खेळ कसा रचायचा, नियम कसा बांधायचा, हे त्या क्लासांत कुणी शिकवत नाही. पुण्याच्या मुलांनी २०२० मध्ये 'राजी' केली, तिच्यातली कथा छायाबाहुल्यांतून उलगडते, भिंतींवर पहाडी शैलीची चित्रं आहेत. अठराशे कोटी नव्हते म्हणून त्यांनी आपल्या परंपरेत हात घातला आणि त्या गेमला जगात ओळख मिळाली. भाव्यांनीही लाकडी बाहुल्या केल्या होत्या. त्या बाहुल्यांवर एक गेम सांगलीच्या पोरांनी करावी, हे माझं जुनं स्वप्न आहे.

स्वप्न अजून लांब आहे, पण गेल्या पावसाळ्यात एक मुलगी दुकानात पेन ड्राइव्ह घेऊन आली. माधवनगरची, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. गोडॉट या गेम बनवायच्या, फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर तिनं गेम केली होती आणि तिच्या लॅपटॉपवर ती अडखळत होती. चित्र म्हणजे नुसते चौकोन. एक दुमजली घर, मधे जिना. वरच्या कोपऱ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पुराची पाणीपातळी, फुटांत. ४० ला इशारा, ४५ ला धोका, आणि आकडा थांबत नाही. खालच्या मजल्यावर सिलिंडर, धान्याची पेटी, दाखल्यांची फाईल, देव, गाद्या. एका वेळी एकच वस्तू वर नेता येते. मधेच दार वाजतं, शेजारची म्हातारी हाक मारते. तिला आणायला गेलं तर दोन फेऱ्यांचा वेळ जातो. एवढंच.

लॅपटॉप दुरुस्तीला ठेवून घेतला आणि संध्याकाळी घरी नेला. आमचं घर गावभागात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा खालचा मजला बुडाला होता. मी खेळत होतो, आई मागे येऊन उभी राहिली. या वेळी तिनं काही विचारलं नाही. जरा वेळ बघून म्हणाली, "फाईल आधी ने. सिलिंडर मागनं." मग, "सरक." चष्मा लावून ती खुर्चीत बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं माउस धरला. फाईल वर गेली. देव वर गेले. धान्याची पेटी निम्म्या जिन्यावर होती तेव्हा दार वाजलं. आकडा ४६ वर होता. आईचा हात माउसवर तसाच राहिला, ४६ चे ४७ झाले, पेटी जिन्यावरच. मग तिनं दारावर बाण नेला आणि बटण दाबलं.